पानाखालचा ओरखडा

बाबा गेले आणि आमच्या गल्लीत त्यांच्या लाडक्या शिष्यांचं पीक आलं. जिवंतपणी त्यांचं लाडकं कुणीही नव्हतं, हे समोरचा चावीवालाही सांगेल. बाबा चिडले की हाताला लागेल ती वस्तू खिडकीतून फेकायचे आणि ती बहुतेक वेळा चावीवाल्याच्या पत्र्यावर पडायची. पण शोकसभेत एकेक जण उठला, रुमालाने डोळे टिपले आणि म्हणाला, "उस्तादांचा माझ्यावर विशेष जीव होता." एकाने तर सांगितलं, की उस्तादांनी त्याला कधी आवाज चढवून हाक मारली नाही. ते खरंच होतं. त्याला ते हाक मारतच नसत, सरळ डोक्यात टपली मारत.

मी पहिल्या रांगेत आईशेजारी बसले होते. आई प्रत्येक भाषणाला मान डोलवत होती. मला वाटलं, बिचारी गहिवरली आहे. तेवढ्यात ती माझ्या कानाशी वाकली.

"हे कुणाबद्दल बोलतायत गं?"

सगळ्यात शेवटी कोरीवकाम कारागीर संघटनेचे अध्यक्ष उठले. यांना आम्ही ढालसाहेब म्हणतो. तरुणपणी हेही बाबांच्या कारखान्यात शिकायला होते. हात बरा होता, पण जीभ त्याहून बरी निघाली. म्हणून त्यांनी कोरायचं कलम खाली ठेवलं आणि बक्षिसांच्या ढालींचं दुकान टाकलं. आता मशीनवर छापून आलेल्या पट्ट्या ढालींवर चिकटवतात आणि कारागिरीच्या भवितव्याबद्दल काळजी व्यक्त करतात.

"उस्तादांचं पान!" ढालसाहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. "साध्या चांदीवर एक पान अलगद उमलायचं. कुठून यायचं ते पान? ती त्यांची सही होती. तो त्यांचा श्वास होता!"

सभागृहातले निम्मे लोक कारागीर होते. उस्तादांचं पान कुठून यायचं, हे त्यांतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण कुणाच्या तोंडावरची माशीही हलली नाही. टाळ्या मात्र कडकडून झाल्या.

आता हे पानाचं प्रकरण तुम्हाला सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.

हाताने कोरायच्या हत्याराला आम्ही कलम म्हणतो. पोलादाची बारीक कांडी, टोक तिरपं घासलेलं, मागे तळहातात बसेल अशी लाकडाची गोल मूठ. तळहाताने ती पुढे रेटायची, की टोकासमोर चांदीची तार सुटत जाते आणि मागे चमकती रेघ उरते. बघणाऱ्याला वाटतं, हात फिरतोय. हात जवळजवळ जागचा हलत नाही. काम ठेवलेलं असतं वाळू भरलेल्या चामड्याच्या गोल गादीवर आणि डावा हात ती गादी फिरवत राहतो. जोर जरा जास्त लागला, शिंक आली किंवा मनात भलतंच काही आलं, की कलम रेघेतून निसटतं आणि चकचकीत धातूवर सरळ ओरखडा काढत पळत सुटतं. याला आम्ही कलम सटकणं म्हणतो. सटकतं सगळ्यांचंच. मग आजूबाजूचा धातू हळूहळू खरवडायचा, ओपणीने, म्हणजे गुळगुळीत पोलादी कांडीने, घोटून सपाट करायचा आणि पुन्हा चकाकी आणायची. अर्धा दिवस जातो. शिवाय तुम्ही खाली मान घालून खरवडत बसलेले सगळ्यांना दिसता.

बाबा खरवडत नसत. खरवडणं म्हणजे "माझं चुकलं" असं चारचौघांत कबूल करणं, आणि हे दोन शब्द त्यांच्या जिभेला कधी शिवले नाहीत. कलम सटकलं की ते त्या ओरखड्याकडे थोडा वेळ बघत, खोकत आणि त्याच्यावर पान काढत. ओरखडा झाला मधली शीर. दोन्ही बाजूंनी दोन बाकदार कडा, आत बारीक बारीक शिरा. ओरखडा लांब असेल तर पान लांब. दोनदा सटकलं तर दोन पानं. दिवसच वाईट असेल तर वेल. एका निवृत्त न्यायाधीशांच्या घड्याळाच्या झाकणावर तर अख्खं जंगल उगवलं होतं. त्या आठवड्यात बाबांची दाढ दुखत होती.

गिऱ्हाइकांना हे काय माहीत! त्यांना पानं आवडली. लोक येऊन सांगायला लागले, "उस्ताद, आमच्या डबीवर तुमचं ते पान हवं बरं का." इथे बाबांची पंचाईत झाली. ओरखडाच नसेल तर पान काढायचं कशावर? "खाली काही नसताना पान काढू? ती लबाडी झाली," असं ते खरोखर म्हणत. मग काय करत, तर आधी मुद्दाम कलम सटकवत आणि मग त्यावर पान काढत. हे मी शेजारी बसून पाहिलेलं आहे. चूक झाकायची लाज त्यांना कधी वाटली नाही, पण झाकायला चूक नसली की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची.

आणि पान काढायचा हक्क एकट्या त्यांचा. आमच्यापैकी कुणाचं कलम सटकलं तर डोळे वटारून म्हणत, "पान माझं. तुम्ही खरवडा." आम्ही खरवडायचो. त्यामुळे आमच्या कारखान्यातून निघालेली वस्तू कुणाच्या हातची, हे धंद्यातला कुणीही लांबून सांगू शकायचा. पान असेल तर उस्तादांची. नसेल तर दुसऱ्या कुणाची.

कारखाना म्हणजे बटणांच्या दुकानावरची एक खोली. एक मोठी खिडकी, तीही उत्तरेला, कारण त्या बाजूने ऊन आत घुसत नाही आणि दिवसभर उजेड सारखा राहतो. खिडकीला लावून जाड लाकडाचं टेबल. त्याच्या कडेला प्रत्येकाच्या पोटापुरती अर्धगोल खाच आणि खाचेखाली चामड्याची झोळी, चांदीचा कीस जमिनीवर पडू नये म्हणून. मधली खाच बाबांची, डावीकडची माझी. ते असे बसत की उजेड सगळा त्यांना आणि त्यांची सावली आम्हाला. त्यांच्या पुढ्यात पाण्याने भरलेला काचेचा गोळा असे. दिव्याचा उजेड त्यातून नेमका कामावर पडायचा. त्या गोळ्यातलं पाणी दुसऱ्या कुणी बदललेलं त्यांना चालायचं नाही. म्हणत, "तुम्ही पाणीसुद्धा वाकडं भराल."

मी मात्र शिकले. त्यांनी शिकवलं म्हणून नाही. ते शिकवत नसत, ते नुसते चिडत. कशावर चिडत नाहीत ते बघून शिकायचं. माझ्या कलमाची मूठ त्यांनी स्वतः कापून माझ्या तळहाताच्या मापाची केली होती, एवढं मात्र मान्य करते. ती हातात घेतली की अजून हात शांत होतो.

घरीही त्यांचं तेच. बाबांनी आईची माफी कधी मागितली नाही. भांडण व्हायचं, चूक सरळसरळ त्यांची असायची, घरात अबोला व्हायचा. एक-दोन दिवसांनी स्वयंपाकघरातली एखादी वस्तू गायब व्हायची आणि संध्याकाळी बाबांच्या पिशवीतून परत यायची. तिच्यावर एक पान. कुणी काही बोलायचं नाही. आई ती वस्तू उलटसुलट करून बघायची, नाक मुरडायची आणि जेवायला वाढायची. असं करत करत आमच्या स्वयंपाकघरात झाडोरा माजला. डावावर पान, चहाच्या ट्रेवर पान, साखरेच्या डब्याच्या झाकणावर तीन पानं. तीन का, ते आई आजही सांगत नाही. नुसती म्हणते, "त्या वर्षी तुझी आत्या राहायला होती."

आई त्या वस्तू घासायची मात्र चांगल्या खसाखसा. मी एकदा म्हटलं, अगं, पानं झिजतील. म्हणाली, "झिजू देत. जुनी झिजली की नवीन वसूल करता येतात."

तर अशा घरात वाढल्यामुळे मला एवढं पक्कं कळलं होतं, की बाबांना आपलं चुकलं असं वाटलं तर ते बोलणार नाहीत, पण पान काढतील.

मग आलं ते तबक.

नगरभवनाला समारंभासाठी मोठं चांदीचं तबक हवं होतं आणि त्यावर अख्खं शहर कोरायचं होतं. मधून वळत जाणारी नदी, नदीवरचा पूल, दोन्ही काठांना छपरं. बाबांनी काम मिरवत मिरवत घेतलं. गल्लीभर सांगून झालं. मग ते तबक गादीवर ठेवून नुसतेच बघत बसले. अडचण नदीची होती. पाणी दाखवायचं म्हणजे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न तुटता जाणाऱ्या बारीक समांतर रेघा, एकीला चिकटून दुसरी. एक जरी सटकली तरी सगळी नदी फुकट. आणि नदीच्या मधोमध पान काढून चालत नाही. अर्थात वाहत आलंय म्हणता आलं असतं, पण एवढी मोकळीक बाबांनीही घेतली नसती. त्यांच्या हाताला तेव्हा बारीक कंप सुटलेला होता. ते कुणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता.

एक दिवस त्यांनी तबक माझ्यापुढे सरकवलं. "नदी तू कर. मला बारीकसारीक कामाचा कंटाळा आलाय."

मी नदी केली. मग म्हणाले, पूलही करून टाक, नदीला लागूनच आहे. मग म्हणाले, छपरं तेवढी राहिलीत. बाबांनी काय केलं, तर माझ्या मागे उभं राहून श्वास रोखून धरला. अख्ख्या कामात माझं कलम एकदाही सटकलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला खरवडावं लागलं नाही. शेवटची रेघ संपली तेव्हा मी मान वर केली. बाबांनी भिंग लावून नदी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि ते चिडले नाहीत. मला इतका आनंद झाला की रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तबक उलटं केलं आणि मागे स्वतःच्या नावाचा ठसा मारला.

समारंभ झाला, फोटो निघाले, बाबांच्या गळ्यात पदक पडलं. मी तिसऱ्या रांगेत होते. रात्री जेवताना मी विचारलं, "तबक कुणी केलं, बाबा?" त्यांनी घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले, "हात कुणाचाही असो. कारखाना कुणाचा?"

आई म्हणाली, "अहो, सांगा की नीट. पोरगी विचारतेय."

"सांगितलं की."

मी माझं कलम आणि ओपणी पिशवीत भरली आणि कारखाना सोडला. बटणांचे साचे कोरायच्या फॅक्टरीत लागले. बाबांशी बोलणं बंद नव्हतं हं. आमच्यात तसली नाटकं नव्हती. मीठ द्या, पंखा लावा, डॉक्टरकडे कधी जायचंय, सगळं बोलणं व्हायचं. पण मी वाट बघत होते. सकाळी डबा उघडताना झाकण निरखायची. छत्रीची मूठ, चष्म्याची डबी, दाराची कडी, सगळं तपासायची. एवढी मोठी बाई, पण घरभर पान शोधत फिरायची. पान आलं नाही. आणि मग बाबाच गेले.

शोकसभेनंतर काही दिवसांनी ढालसाहेब घरी आले. आईने मुद्दाम पान असलेल्या ट्रेमधून चहा आणला. ढालसाहेबांनी ट्रेला नमस्कार केला.

"ताई, आनंदाची बातमी आहे," ते म्हणाले. "नगरभवन उस्तादांचा कारखाना जतन करायला तयार झालंय. खोली आहे तशी ठेवायची. टेबल, खिडकी, सगळं. लोक बघायला येतील. आणि दारावर पितळी पाटी."

"तुमच्या दुकानातून का? चिकटवायची?"

"छे छे! उस्तादांच्या दारावर मशीनची पाटी? लोक तोंडात शेण घालतील. हातानेच कोरायची. आणि ते काम तुमच्याशिवाय आज कोण करणार?"

"तुम्ही. तुमच्यावर तर विशेष जीव होता."

"माझी कंबर धरते हो हल्ली," ढालसाहेब म्हणाले आणि त्यांनी मजकूर सांगितला. वर बाबांचं नाव. त्याखाली, 'येथे त्यांनी आयुष्यभर काम केले.' त्याखाली, 'नगरभवनाच्या तबकाचे निर्माते.'

आईने चहाचा कप खाली ठेवला.

"शेवटची ओळ काढा," मी म्हटलं.

"ताई, आता हे कशाला उकरायचं?"

"उकरणं हाच आपला धंदा आहे. साहेब, त्या तबकावर पान आहे का?"

ढालसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, शेजाऱ्यांची वाळत घातलेली चादर होती.

"नाही," ते म्हणाले. "ते मी अनावरणाच्या भाषणात घेतलंय. त्या एका कामात उस्तादांनी मोह आवरला. संयम, ताई. मोठ्या कलावंताचा संयम."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हा माणूस बाबांच्या उजव्या बाजूला बसून माझ्याइतकंच खरवडत होता. त्याला पान म्हणजे काय ते माहीत होतं आणि तबक कुणाचं तेही माहीत होतं.

"तुम्हाला ठाऊक आहे," मी म्हटलं.

"सगळ्यांना ठाऊक आहे, ताई," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पण खोली मिळतेय ती तबकामुळे. ओळ काढली तर नगरभवन विचारणार, का काढली? मग पानांपर्यंत गोष्ट जाणार. घरोघरी लोकांनी उस्तादांची पानं जपून ठेवलीत. त्यांना काय सांगायचं? आणि गेलेल्या माणसाची बेअब्रू... पाटी तुम्ही नाही केलीत तर मला नाइलाजाने मशीनवर करावी लागेल. पण ओळ राहणार."

याला म्हणतात गोड बोलून गळा कापणं. मी म्हटलं, "करते. पण अनावरणापर्यंत कुणी बघायची नाही. बाबा अर्धवट काम कुणाला दाखवत नसत."

"अगदी! तीच तर उस्तादांची शिस्त!" ढालसाहेबांचा चेहरा उजळला आणि त्यांनी राहिलेला चहा एका घोटात संपवला. तेव्हा माझ्या डोक्यात काहीही नव्हतं, हे खरं सांगते. मला फक्त ती पाटी त्यांच्या मशीनखाली जाऊ द्यायची नव्हती.

पाटी करायला मी कारखान्यात जाऊन बसले. खोली लोकांना दाखवायची म्हणून आवरायलाही हवी होती. आई मदतीला आली. मदत म्हणजे ती स्टुलावर बसून सूचना देणार. आवरायच्या निमित्ताने मी पुन्हा शोधायला लागले. माझ्या बाजूच्या झोळीचे खिळे पाहिले. माझी जुनी गादी उलटी केली. ड्रॉवरच्या पितळी मुठी, भिंगाची कडी, दिव्याचा बुडखा, काचेच्या गोळ्याचं बूड, सगळं खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात पाहिलं. बाबांच्या ड्रॉवरमध्ये त्यांचं पदक होतं. तेही उलटं करून पाहिलं. मागची बाजू कोरीच होती.

"काय शोधतेस?" आईने विचारलं.

"काही नाही."

"पान शोधतेस."

मी पदक ठेवून दिलं. मला खूप वाईट वाटलं. राग होताच, पण रागाच्या खाली वाईट वाटत होतं. एका डावासाठी हा माणूस पान काढायचा. आमटी खारट झाली म्हणून बोलला, तर पान काढायचा. माझ्यासाठी एक नाही?

आई म्हणाली, "छोट्या चुका त्यांना झाकता यायच्या गं. ही केवढी होती! तेवढं मोठं पान त्यांच्याकडे नव्हतं."

मी पितळी पाटी गादीवर ठेवली आणि कामाला बसले. डावीकडच्या माझ्या खाचेत नाही, मधल्या खाचेत. पहिल्यांदाच कळलं, तिथे उजेड किती आहे. बाबांचं नाव कोरलं. त्यात मी कसलीही कसर ठेवली नाही. 'येथे त्यांनी आयुष्यभर काम केले,' हेही मनापासून कोरलं, कारण ते खरं होतं. मग तिसरी ओळ. तीही पुरी केली, ढालसाहेबांनी सांगितली तशी, एकही अक्षर इकडचं तिकडे न करता.

"झाली?" आईने विचारलं.

"होत आली."

मी कलमाचं टोक ओळीच्या सुरुवातीला टेकवलं, तळहाताने जोर दिला आणि कलम सोडलं. एकदाच. सरळ, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या शब्दांच्या पोटातून. त्याचा आवाज ऐकून आई स्टुलावरून उठली. आमच्या घरातलं लहान मूलही तो आवाज ओळखेल.

मग मी खोकले आणि पान काढायला घेतलं.

अनावरणाला बटणांच्या दुकानाचा जिना माणसांनी भरून गेला. संघटनेचे सगळे कारागीर आले होते. अंगठीवाले काकाही होते. यांनी जन्मभर अंगठीच्या आतल्या बाजूलाच कोरलं, त्यामुळे त्यांना मोठी वस्तू दिसली की संशय येतो. नगरभवनातून आलेल्या पाहुण्या बाईंनी दोरी ओढली आणि पडदा खाली आला.

पाटी फारच छान झाली होती, मीच म्हणते. वर नाव, मध्ये एक ओळ आणि खालच्या ओळीवर आडवं पडलेलं एक लांबलचक पान. शब्द पानातून वाचता येत होते. मधली शीर त्या सगळ्या शब्दांमधून आरपार गेली होती.

"अय्या, किती सुंदर!" पाहुण्या बाई म्हणाल्या. "उस्तादांचं पान! लेकीने वडिलांना किती समर्पक वंदन केलंय!"

टाळ्या झाल्या. म्हणजे मागच्या लोकांनी वाजवल्या. पुढे कारागीर होते आणि त्यांचे हात अर्ध्यावर थांबले होते. मी ढालसाहेबांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते माझ्याकडे एक पाऊल आले. तोंड उघडलं. काय बोलणार? ओळीवर काट मारली म्हणाले, तर ती काट कशी, ते तर पान आहे. पानाखाली चूक आहे म्हणाले, तर शहरातल्या घरोघरच्या सगळ्या पानांखाली काय आहे, ते इथेच जिन्यात सांगावं लागणार. त्यांनी तोंड मिटलं.

"साहेब, भाषण," कुणीतरी म्हणालं.

ढालसाहेबांनी कागद काढला. "उस्तादांचं पान," त्यांनी सुरुवात केली, "म्हणजे..." संघटनेतला एकेक माणूस त्यांच्याकडे एकटक बघत होता. जिन्यात एवढी शांतता झाली, की खाली दुकानात कुणीतरी बटणं ओतल्याचा आवाज आला. ढालसाहेब थोडा वेळ पाटीकडे बघत राहिले. मग खोकले. मग त्यांनी पाहुण्यांचे आभार मानले, जागा दिल्याबद्दल नगरभवनाचे आभार मानले, बटणवाल्याचे आभार मानले आणि खाली बसले. संयमाचा परिच्छेद कागदातच राहिला.

लोक खोली बघायला आत गेले. अंगठीवाले काका मात्र दाराशीच थांबले. खिशातून भिंग काढून त्यांनी डोळ्याला लावलं आणि पानाच्या देठापासून टोकापर्यंत नाक घासत गेले. मग अंगठ्याचं नख मधल्या शिरेवरून ओढलं.

"खोल आहे गं, पोरी," ते म्हणाले. "खराच ओरखडा आहे खाली."

"हो."

"तुझं कलम सटकलं? तुझं?"

"नाही, काका. सटकलं होतं बाबांचं. त्यांना पान काढायचं राहून गेलं होतं, ते मी काढलं."

काकांनी भिंग खिशात ठेवलं. त्यांना हसू येत होतं आणि ते दाबायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. आत जाताना ते पुढच्या माणसाच्या कानाशी काहीतरी बोलले, तो वळून माझ्याकडे बघून हसला आणि त्याच्या पुढच्याच्या कानाशी लागला.

आई जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. गर्दी आत सरकल्यावर ती पाटीजवळ आली. चष्मा वर केला. डाव उलटसुलट करून बघायची तसं तिने मान या बाजूला आणि त्या बाजूला करून पान पाहिलं. सवयीने नाक मुरडलं.

"उशीरच केला ह्यांनी," ती म्हणाली आणि पदराने पान पुसलं. हलकेच, झिजू न देता.